वन्यजीव जागृतीचं सेशन: सोसायटीत जरूर ठेवा, पण वॉचमन काका आणि सफाईवाल्या मावशींना बसवूनच

सरळ सांगते, आमच्या सोसायटीत शहरातल्या वन्यजीवांबद्दल जे जागृतीचं सेशन झालं ते मला मनापासून आवडलं, पाचपैकी चार स्टार, आणि तुमच्याकडे कमिटीत असा विषय निघाला तर लगेच हो म्हणा. एक स्टार का कापला ते खाली सविस्तर लिहितेय कारण तो मुद्दा मला सगळ्या माहितीपेक्षा महत्त्वाचा वाटतो. संस्थेचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, असे कार्यक्रम घेणारे गट बऱ्याच शहरांत आहेत, काही वन विभागासोबत काम करतात, काही स्वतःच्या खिशातून पदरमोड करून, त्यामुळे नावापेक्षा काय बघून बोलवायचं हे कळलं तर जास्त उपयोग.

आधी स्वरूप सांगते. एक ताई आणि एक दादा आले होते, हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून थोडं बोलणं, मग प्रश्न, आणि शेवटी सगळ्यांना सोबत घेऊन बिल्डिंगभोवती एक फेरी. बोलणं ठीक होतं, प्रश्न मस्त रंगले, पण खरी मजा फेरीत. ही फेरी जर कोणी देत नसेल आणि फक्त स्लाइड दाखवून जाणार असेल तर मी म्हणेन बोलवूच नका, कारण हॉलमध्ये बसून सगळ्यांना वाटत असतं की हे सगळं दुसऱ्या कोणाच्या तरी बिल्डिंगबद्दल चाललंय.

फेरीत ताई कचऱ्याच्या खोलीपाशी थांबली, टॉर्च काढला आणि भिंतीच्या अगदी कडेला जमिनीलगत प्रकाश टाकला. तिथे एक काळपट तेलकट पट्टा होता, बोटभर रुंद, कोपऱ्यापासून दाराखालच्या फटीपर्यंत गेलेला. आम्ही रोज तिथून जातो, कोणाच्या लक्षात आला नव्हता. उंदीर रोज त्याच त्याच वाटेने भिंतीला अंग घासत जातात, त्यांच्या अंगाचा तेलकटपणा आणि मळ लागून तो पट्टा तयार होतो असं तिने सांगितलं. मग त्या पट्ट्याच्या मागे मागे गेलो तर तो मागच्या बाजूला रिनोव्हेशनच्या उरलेल्या टाइल्स रचून ठेवल्यात तिथे पोचला, आणि त्या टाइल्सच्या खाचेत सापाची कात अडकलेली, चांगली हातभर. दोन-तीन जण किंचाळलेच. ताईने ती उचलली वगैरे नाही, तिने फक्त विचारलं, ही इथे का असेल सांगा बरं? तिसऱ्या मजल्यावरचा एक चौथीतला मुलगा म्हणाला, उंदरांसाठी. बस, सगळं सेशन त्या एका उत्तरात होतं. कचरा उघडा म्हणून उंदीर, उंदीर म्हणून साप, आणि आम्ही इतकी वर्षं ओरडत होतो सापाच्या नावाने.

तिचं म्हणणं असं की अंगठा जाईल एवढ्या फटीतून उंदीर आरामात जातो आणि उंदीर जिथून गेला तिथून साप जाणारच, त्यामुळे सर्पमित्राचा नंबर सेव्ह करणं चांगलंच पण त्याच्या आधी दाराखाली पट्टी लावा, पाइपच्या तोंडाला जाळी लावा, टाइल्स-विटा-लाकडाचे ढीग भिंतीपासून लांब आणि जमिनीपासून वर ठेवा. ऐकायला अगदी साधं, म्हणूनच कोणी करत नाही.

सापांचा भाग मला सगळ्यात जबाबदारीने केलेला वाटला. जिवंत साप आणला नव्हता, आणि हे मी कौतुकाने लिहितेय. तुम्हाला कोणी गळ्यात साप घालून, नाग पिशवीतून काढून ‘प्रात्यक्षिक’ दाखवतो म्हणाला तर अशा माणसाला गेटच्या आत घेऊ नका. त्यातून मुलं एवढंच शिकतात की साप हातात धरणं म्हणजे शौर्य, शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे, कुठलाही साप पकडून त्याचे खेळ करता येत नाहीत. यांनी फोटो दाखवले, त्यात कवड्या आणि मण्यार शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ घेतला आणि तो घ्यायलाच हवा होता. दोन्ही गडद रंगाचे, दोघांच्या अंगावर पांढुरके आडवे पट्टे, दोघेही रात्री फिरणारे. कवड्या बिनविषारी, घरात पाली खायला येतो. मण्यार अतिविषारी. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचे डोक्यामागे थोडं अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडे जास्त स्पष्ट. हे सगळं नीट समजावल्यावर दादा म्हणाला, आता हे विसरून जा. म्हणजे ओळखायची हौस असेल तर फोटोवरून शिका, पण रात्री बाथरूममध्ये साप दिसला तर पट्टे मोजत बसू नका, लांब उभं राहा, त्याच्यावर नजर ठेवा, लहान मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना दुसऱ्या खोलीत न्या, दाराखाली ओला टॉवेल दाबा आणि फोन करा.

साप चावला तर काय, यावर तर हॉलमध्ये अर्ध्या लोकांचं सगळं ज्ञान सिनेमातलं निघालं. घट्ट दोरी बांधायची नाही, कापायचं नाही, तोंडाने ओढायचं नाही, बर्फ लावायचा नाही. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढा, चावलेला हात किंवा पाय फळीला बांधल्यासारखा स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका आणि प्रतिविष जिथे मिळतं अशा हॉस्पिटलला थेट न्या. मण्यारचा दंश बरेचदा दुखतसुद्धा नाही, सूज येत नाही, झोपेत चावतो आणि सकाळी पोटात दुखणं, पापण्या जड होणं असं सुरू होतं, म्हणून नुसता संशय असला तरी घरी थांबायचं नाही. आणि मारलेला साप डॉक्टरांना दाखवायला पिशवीत घालून न्यायचा नाही, त्या गडबडीत दुसरा माणूस चावून घेतो. आमच्या भागात प्रतिविष नक्की कुठल्या हॉस्पिटलला मिळतं हे मात्र त्यांनी आधी फोन करून खात्री करून आणलेलं नव्हतं, ते मी नंतर स्वतः केलं. सेशन बुक करताना ही माहिती मागून घ्या.

प्रश्नोत्तरांत आमच्या सेक्रेटरी काकांनी तो प्रश्न विचारला जो प्रत्येक ठिकाणी निघत असणार, की अहो पकडून लांब जंगलात सोडून द्या ना, आपलंही टेन्शन मिटलं आणि त्या जनावराचंही भलं झालं. यावर जे उत्तर मिळालं त्यासाठी मी हे सेशन शंभर जणांना सुचवेन. ताईने जुन्नरचं उदाहरण दिलं. तिथे 2001 नंतर मोठ्या प्रमाणावर बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला सुरुवात झाली, आणि त्याआधी वर्षाला सरासरी 4 असलेले माणसांवरचे हल्ले नंतर 17 पर्यंत गेले. बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे आकडे 2011 मध्ये मांडले. रोगापेक्षा औषध जालीम म्हणतात ते हे. कारण विचार केला तर कळतं, जो बिबट्या आपल्या भागात कुठे पाणी, कुठे आडोसा, माणसं कधी कुठे असतात हे सगळं ओळखून त्यांना टाळत जगत असतो, त्याला पिंजऱ्यात कोंडून, बिथरवून अनोळखी मुलखात सोडलं तर तो माणसांना टाळणार कसा? आणि त्याची मोकळी झालेली जागा रिकामी राहत नाही, तिथे दुसरा येतो, बऱ्याचदा वयाने लहान, अननुभवी.

मग आजोबा नावाच्या बिबट्याची गोष्ट सांगितली, म्हातारा नर होता म्हणून अभ्यासकांनी ते नाव ठेवलेलं. 2009 मध्ये विहिरीत पडलेला असताना त्याला बाहेर काढलं, रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटाजवळ सोडला, आणि हा पठ्ठ्या साधारण 120 किलोमीटर चालत, रेल्वे ओलांडून, हायवे ओलांडून, खाडी पोहून मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. वाटेत माणसांच्या वस्त्या पार केल्या, कोणाला हात लावला नाही. 2011 मध्ये हायवेवर गाडीच्या धडकेत मेला. हॉलमध्ये एकदम शांतता, आणि मग सेक्रेटरी काका स्वतःच म्हणाले, म्हणजे लांब सोडलं तर ते तिथे थांबतच नाही. मला त्यांचं कौतुक वाटलं, भर मीटिंगमध्ये आपलं मत बदलणं सोपं नसतं.

मुंबईबद्दल अजून एक गोष्ट सांगितली जी मला माहीत नव्हती. साधारण 104 चौरस किलोमीटरचं उद्यान, तीन बाजूंनी शहर, आत बिबटे. 2002 ते 2004 च्या सुमारास तिथे हल्ल्यांनी कहर झाला होता. नंतर 2011 मध्ये वन विभागाने अभ्यासक आणि नागरिकांना घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ (एसजीएनपी म्हणजे हेच उद्यान) हा उपक्रम सुरू केला, त्यात वस्त्यांमध्ये जाऊन बोलणं होतंच, पण पत्रकारांसोबत वेगळं काम केलं, पोलिसांसोबत वेगळं. कारण बिबट्या नुसता दिसला तरी ‘दहशत’ अशी बातमी आली की लोक पिंजरा मागतात, आणि गर्दी जमली की घाबरलेलं जनावर हल्ला करतं. म्हणजे गर्दी हटवायला शिकलेला एक पोलीस हवालदार हा दहा पिंजऱ्यांपेक्षा जास्त कामाचा. हे ऐकून मला वाटलं की जागृती म्हणजे फक्त शाळेतल्या मुलांना वाघाचं चित्र काढायला लावणं नव्हे, ज्याच्या हातात त्या क्षणी निर्णय असतो त्याला आधीच गाठून ठेवणं.

आमच्याकडे बिबट्या नाही, पण कुत्र्यांचा मुद्दा सगळ्यांना लागू. उघडा कचरा भटक्या कुत्र्यांना पोसतो, आणि जिथे बिबट्या आहे तिथे कुत्रा हे त्याचं सोपं भक्ष्य. अमेरिकेत शिकागोमध्ये कायोटी नावाचा कोल्ह्यासारखा प्राणी शहरभर राहतो, तिथे 2000 पासून त्याला कॉलर लावून अभ्यास चाललाय, तिथेही तेच, बहुतेक कायोटी माणसांना दिसतसुद्धा नाहीत, जे त्रासदायक होतात त्यामागे बऱ्याचदा कोणीतरी हौसेने खायला घातलेलं असतं.

आता खायला घालण्याचा प्रसंग. आमच्या बी विंगमधले आजोबा रोज संध्याकाळी गच्चीवर पक्ष्यांसाठी पाव आणि उरलेलं अन्न ठेवतात, आणि त्यावरून सोसायटीत कायम भांडणं. मला धाकधूक होती की आता त्यांना सगळ्यांसमोर झापणार. आजोबा स्वतःच उभे राहिले, म्हणाले, “मी काय चोरी करतो का? मुक्या जिवांना दोन घास घालतो.” ताई म्हणाली, “आजोबा, तुम्ही मायेनेच घालता, त्यात शंकाच नाही. पण अंधार पडल्यावर उरलेलं कोण खातं ते कधी बघितलंय?” आजोबा गप्प झाले. मग म्हणाले, “उंदीर असतील.” ती म्हणाली, “उंदीर येतात, मग उंदरांच्या विषाचा फेरा सुरू होतो, आणि ते विष खाल्लेला उंदीर घुबडाने उचलला की घुबडही जातं.” तिने त्यांना बंद करा असं एकदाही म्हटलं नाही. पाण्याचं उथळ भांडं ठेवा, रोज घासून धुवा, गच्चीवर कुंड्यांत फुलणारी झाडं लावा, पक्षी आपोआप येतील आणि तुम्हाला बघायला जास्त मिळतील, असं सांगितलं, आणि आजोबांना विचारलं की गच्चीवर कुठले पक्षी येतात ते तुम्ही लिहून ठेवाल का. आजोबा हो म्हणाले. आता ते वही घेऊन बसतात. भांडणांनी जे झालं नव्हतं ते दोन मिनिटांच्या आदराने झालं, आणि म्हणूनच मी म्हणते की माहिती कोणालाही देता येते, माणसांशी असं बोलता येणारे लोक बोलवा.

पक्ष्यांच्या पिल्लांबद्दल सांगितलेलं प्रत्येक घरात चिकटवून ठेवावं असं आहे. खाली पिल्लू दिसलं की आपण लगेच बॉक्समध्ये घालून घरी आणतो आणि दूध पाजायला जातो. पक्ष्यांना दूध पचत नाही, आणि तोंडात पाणी सोडलं तर ते श्वासनलिकेत जाऊन गुदमरतं. आधी बघायचं की पिसं आलीत का. अंगभर पिसं, आखूड शेपूट, टुणटुण उड्या मारतंय, म्हणजे ते उडायला शिकतंय आणि आईबाप जवळच कुठेतरी बसून आपण कधी जातोय याची वाट बघतायत. तेव्हा फक्त मांजर-कुत्रं लांब ठेवायचं, रस्त्यात असेल तर उचलून जवळच्या झुडपावर ठेवायचं आणि निघून जायचं. उघडंबोडकं, डोळे मिटलेलं असेल तर घरटं शोधून परत ठेवायचं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते हे खोटं आहे, आणि हॉलमध्ये जवळपास सगळ्यांना ते खरं वाटत होतं. जखम असेल, मांजराने तोंडात धरलं असेल तर मात्र वाट न बघता रेस्क्यूवाल्यांकडे, कारण मांजराच्या दातांतून होणारा संसर्ग पिल्लाला फार पटकन मारतो.

मुलांसाठी कावळ्याचा किस्सा होता, तो मोठ्यांनीच जास्त एन्जॉय केला. 2006 मध्ये अमेरिकेत सिॲटलच्या विद्यापीठाच्या आवारात जॉन मार्झलफ नावाच्या शास्त्रज्ञांनी गुहेतल्या आदिमानवाचा मुखवटा घालून काही कावळे पकडले, पायात कडी घालून सोडून दिले. त्यानंतर तो मुखवटा घालून कोणीही त्या आवारातून चाललं की कावळे ओरडून मागे लागायचे, अगदी वर्षांनुवर्षं, आणि ज्या कावळ्यांना कधी पकडलंच नव्हतं तेही सामील व्हायचे. विणीच्या दिवसांत कावळा किंवा घार डोक्यावर झडप घालते तेव्हा तिला दगड मारून हाकलणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. छत्री उघडा, थोडे दिवस दुसऱ्या गेटने जा, पिल्लं उडाली की संपलं.

काचांचा विषय त्यांनी जेमतेम एका स्लाइडमध्ये संपवला, त्याची मला खंत आहे. अमेरिकेत इमारतींना धडकून वर्षाला 36 कोटींपासून ते 98 कोटींपर्यंत पक्षी मरतात असा 2014 चा अंदाज आहे, आणि आपल्याकडे नवीन बिल्डिंग सगळ्या काचेच्याच होतायत. गरुडाचा एखादा स्टिकर लावून काही होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतो. काचेच्या बाहेरून साधारण दोन-दोन इंचांवर ठिपके लागतात, म्हणजे त्याला मधून जागा दिसत नाही. हे कोणीतरी मोजपट्टी घेऊन करून दाखवायला हवं होतं. मधमाश्या, वटवाघूळ पटापट झालं पण मुद्देसूद: मधमाश्यांचा थवा फांदीवर लटकलेला दिसला तर तो विसाव्याला थांबलेला असतो, बरेचदा दोन-तीन दिवसांत स्वतःच उठतो, त्याला धूर, आग, फवारा काही नको. घरात वटवाघूळ शिरलं तर आतले दिवे आणि पंखा बंद, खिडक्या सताड उघड्या, आणि उघड्या हाताने धरायचं नाही. कुठल्याही प्राण्याने चावलं किंवा ओरबाडलं तर साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे, रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळजवळ वाचत नाहीच.

आता कापलेला स्टार.

सेशन झालं रविवारी सकाळी, हॉलमध्ये, फ्लॅटवाल्यांसाठी. आमच्या रात्रपाळीच्या वॉचमन काकांना त्याचा पत्ताच नव्हता. मी नंतर त्यांना सहज सांगितलं असं असं झालं, तर ते म्हणाले, “ताई, ते मांजरासारखं लांब शेपटीचं येतं ना, ते रोज रात्री ए विंगच्या पाइपवरून उतरतं, पंपाच्या खोलीवर बसतं, मग जांभळाच्या झाडावर जातं. मला कोणी विचारलंच नाही.” उदमांजर! हॉलमध्ये आम्ही फोटोत उदमांजर बघून ‘आपल्याकडे कुठलं’ म्हणत होतो आणि हे काका त्याला रोज बघत होते. सफाईवाल्या मावशींचंही तेच, पहाटे अंधारात कचऱ्याच्या खोलीचं दार पहिल्यांदा त्या उघडतात, हात त्या आत घालतात, साप-विंचवाशी गाठ पडणार ती त्यांची, आणि बूट, हातमोजे, टॉर्च यातलं त्यांच्याकडे काहीच नाही. माळीकाका पालापाचोळ्यात अनवाणी. जागृती आम्हा बाल्कनीतून बघणाऱ्यांना, आणि धोका त्यांच्या वाट्याला, हे मला अजिबात पटलेलं नाही. संस्थेला मी हे कळवलं, त्यांनी ऐकून घेतलं, पण कोणाला बोलवायचं हे सोसायटी ठरवते म्हणाले. माझं म्हणणं, त्यांनीच अट घालावी की कर्मचारी नसतील तर आम्ही येणार नाही.

वर हँडआउट फक्त इंग्रजीत. छान छापलेलं, चित्रं सुंदर, पण मावशींना देऊन काय उपयोग? मराठी आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात, चित्रांसकट पाहिजे. आधीच विचारा.

दुसरी गोष्ट जास्त मूलभूत आहे. सेशन संपताना सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ग्रुपवर फोटो पडले, आणि त्या रात्री कचऱ्याच्या खोलीचं दार पुन्हा उघडंच. नुसतं समजावून सांगणं बरेचदा पालथ्या घड्यावर पाणी ठरतं, आणि हे मी वैतागून म्हणत नाहीये, अभ्यासकांनी मोजून बघितलेलं आहे. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या ॲस्पेन गावात अस्वलं कचरा खायला वस्तीत येतात, तिथे लोकांना घरोघरी माहिती देऊन, फलक लावून बघितलं, 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की लोकांच्या वागण्यात फारसा फरक पडला नाही, नियम मोडणाऱ्यांना नोटिसा द्यायला लागल्यावर पडला. त्याच राज्यात ड्युरँगो गावात थेट अस्वलाला उघडता न येणारे हजाराहून जास्त डबे वाटले, तर त्या भागांत कचऱ्यावरून होणारे संघर्ष बाकीच्या भागांपेक्षा 60 टक्के कमी. म्हणजे डबा बदला, झाकण बदला, कचरा बाहेर ठेवायची वेळ बदला, आणि मग शिकवा, तेव्हा ते शिकवणं टिकतं. झाकणाचाही विचार नीट करावा लागतो बरं का, सिडनीत काकाकुवे चोचीने कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडायला शिकले, 2018 च्या आधी ही करामत 3 उपनगरांत होती ती 2019 संपेपर्यंत 44 उपनगरांत पसरली, एकमेकांचं बघून बघून. लोकांनी झाकणावर विटा ठेवल्या तर काहींनी विटा ढकलायला सुरुवात केली. पक्षी एवढे पटकन शिकतात, तर आपण एक दार बंद करायला शिकायला हरकत नाही.

त्यामुळे माझी सूचना, सेशन ठेवायचं तर त्याच दिवशी कमिटीकडून तीन-चार कामांना मंजुरी घेऊनच ठेवा. आम्ही उशिराने का होईना ते केलं: घट्ट झाकणाचे डबे आले, ओला कचरा रात्री बाहेर न ठेवता सकाळी द्यायचा ठरलं, टाइल्सचा ढीग हलवला, दाराखाली रबराची पट्टी लागली, उंदरांसाठी चिकट सापळे बंद केले कारण त्यात पाली, चिमण्या आणि एकदा सापाचं पिल्लूही अडकलं होतं. मावशींना गमबूट आणि जाड हातमोजे मिळाले, त्यासाठी मात्र मला कमिटीत दोन मीटिंग भांडावं लागलं. वन विभागाचा आणि रेस्क्यूवाल्यांचा नंबर आता गेटवर मराठीत लावलाय, हॉस्पिटलच्या नावासकट.

बोलवण्याआधी फोनवर एवढं विचाराच की फेरी घेणार का, जिवंत प्राणी आणणार नाही ना, कागद मराठीत आहे का, आणि तीन-चार महिन्यांनी परत येणार का. शेवटच्या प्रश्नाला जे हो म्हणतील त्यांनाच बोलवा. पावसाळ्याच्या आधी ठेवलंत तर उत्तम, बिळात पाणी शिरलं की साप कोरडी जागा शोधत बाहेर पडतात, तेव्हा धावपळ करण्यापेक्षा आधीच झालेलं बरं.

आमच्याकडे हेच ताई-दादा पुन्हा येणार आहेत. यावेळी वेळ संध्याकाळी सातची मागितलीय, सिक्युरिटीची शिफ्ट बदलते तेव्हा, म्हणजे दिवसाचे आणि रात्रीचे दोन्ही काका हजर असतील, मावशींना त्या वेळेचे पैसे सोसायटी देणार आहे, आणि उदमांजराबद्दल बोलायला वॉचमन काकांनाच पुढे उभं करायचं ठरलंय. ते झालं की पाचवा स्टार इथेच येऊन देईन.